काळ्या मातीतलं सुतारकाम

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या गल्लीतली निम्मी दारं लागेनाशी होतात. जुनी सागाची दारं असलेल्या लातूरकरांना यात नवल वाटत नाही. आषाढात खांदा लावून दार ढकलायचं आणि वैशाखात त्याच दाराच्या फटीतून घरात येणारी उन्हाची रेघ बघायची. मग कुणीतरी ऐन पावसाळ्यात सुताराला बोलावतं, तो रंधा मारून दार मोकळं करून देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या वाढलेल्या फटीतून पाल आरामात ये-जा करते. मला सुतारकामाचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं हल्ली लोक आधी मला विचारतात. मी सांगतो, कडांना मेण घासा आणि दिवाळीपर्यंत कळ काढा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही.

झाड पडलं, चिरलं, फळ्या वर्षानुवर्षं सुकल्या, तरी लाकूड हवेतलं पाणी पिणं सोडत नाही. पावसाळ्यात पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात सोडतं आणि आकसतं. गंमत म्हणजे हे सगळं रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ काहीच नाही. साग त्यातल्या त्यात समजूतदार. तरी आठ इंच रुंदीची सागाची फळी आमच्या मे महिन्यापासून श्रावणापर्यंत दोन-तीन मिलिमीटर रुंदावते. अशा पाच फळ्या जोडून टेबल केलं तर तो हिशेब सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणून चौकटीच्या खाचेत पॅनेल बसवताना त्याला फेविकॉल लावायचा नसतो. सांध्यातलं कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, आणि त्याची खाच घट्ट हवी, पॅनेल मात्र आत सैल हवं, सरकायला मोकळं. शिकाऊ माणसाला घट्ट बसवण्याची हौस असते. जुना कारागीर ओळखू येतो तो त्यानं कुठे सैल सोडलंय यावरून.

बाग करायला लागल्यावर लक्षात आलं की पायाखालची माती नेमकं हेच करते आहे. आमची वसाहत पूर्वीच्या ज्वारीच्या रानात उठली. वर हातभर-दोन हात काळी चिकण माती आणि खाली मुरूम. या मातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरावर थर असतात, त्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. मे महिन्यात माझ्या वाफ्यांत अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. जूनमध्ये त्या भेगांवरून चाललो तर चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. कुंपणाच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात, फरशा उचलतात, आणि नीट ओळंबा लावून उभा केलेला खांब दोन पावसाळ्यांत शेजाऱ्याकडे झुकतो.

त्यामुळे माझ्या बागेचं फाटक हे दुहेरी दुखणं होतं. खांब मातीच्या तालावर हलणार आणि फळ्या हवेच्या. ते फाटक उभं राहिलं ते सुतारमामांमुळे. मामा माझ्या सासुरवाडीचे, औसा तालुक्यातले. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत बलुतं चालू होतं. वर्षभर गावाची तिफण, वखर, गाडीची चाकं सांभाळायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. ट्रॅक्टर आले आणि पेरणीयंत्रं लोखंडाची झाली, तसं मामांचं काम दारं-खिडक्यांवर आलं, मग तेही प्लायवुडवाल्यांकडे गेलं. आता ते नातवंडांना भेटायला लातूरला येतात तेव्हा माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात.

“काय करायलाव पाव्हणं?” ते म्हणाले. मी खांबासाठी खड्डा घेत होतो. “मुरूम लागंस्तोर जावा. आन् परत काळी माती टाकू नगा त्यात. मुरूमच टाका, चोपून.” बांधकामवाले पाया घेताना हेच करतात, पण बागेतल्या खांबाला एवढा मान कोण देतं? जमिनीत जाणारा भाग जांभळाचा. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीत ते वापरायची जुनी पद्धत. वरच्या पट्ट्या सागाच्या, दोन पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढं अंतर ठेवून, आणि प्रत्येक पट्टीला मधोमध एकच स्क्रू. दोन्ही कडांना स्क्रू मारले की पट्टीला हलता येत नाही, मग ती मधून उभी फाटते.

या फाटकाचा साग माळवदातला, म्हणजे जुन्या घराच्या मातीच्या छपरातला आहे. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, आत सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. घराचं माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात सांगायचं, कुणाचं पाच खणांचं, कुणाचं नऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं या घरांकडे बघायची आमची नजर कायमची बदलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक त्या भिंतींखाली आणि त्या मातीखाली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या पण आतला सागाचा सांगाडा उभा राहिला, हे तेव्हा पाहणाऱ्यांनी सांगितलं आणि अभ्यासकांनी लिहूनही ठेवलं. सांधे खिळ्यांनी जखडलेले नव्हते, कुसवांवर होते, हलले आणि थांबले. पण ज्यांनी घरातलं माणूस गमावलं त्यांना हे ऐकवण्यात काय अर्थ? लोकांना माळवदाखाली झोप लागेना. ज्यांची घरं वाचली त्यांनीही हळूहळू माळवदं उतरवली आणि पत्रे किंवा स्लॅब टाकले. त्या तुळया आमच्या भागातल्या लाकडाच्या वखारींत आल्या. त्या अजूनही येतात, कमी येतात.

असं लाकूड हाताळताना मी जरा दबून असतो. कुणाच्या घराचं होतं ते वखारवाला सांगत नाही आणि मी विचारत नाही. कामाच्या दृष्टीनं मात्र त्याच्याइतकं चांगलं लाकूड मिळणं मुश्कील. पिढ्यान् पिढ्या धुरात, उन्हात, पावसाळ्यात फुगून आकसून झालेलं, त्यामुळे आता फारसं वेडंवाकडं होत नाही. त्रास एकच, त्याच्या रंध्रांत पांढरी माती मुरलेली असते. रंध्याचं पातं काही हात मारले की बोथट होतं. आधी ताराच्या ब्रशनं घासायचं, मग चुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधायचे आणि मगच धार लावलेलं पातं जवळ आणायचं. पहिलं सालपट निघालं की सागाचा वास येतो. एवढ्या वर्षांनी.

तुळईचं टोक पॉलिश पेपरनं घासून ओलं केलं की वाढीची वर्तुळं दिसतात. साग पाऊस सुरू झाला की मोठी छिद्रं असलेलं लाकूड घालतो, पुढे बारीक छिद्रांचं, त्यामुळे वर्षावर्षाची रेघ स्पष्ट उमटते. लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या लाकडात ती अशी सरळ वाचता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या अशाच वर्तुळांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास झाला आहे. माझ्या तुळईत एका जागी चार-पाच वर्तुळं एकमेकांना चिकटलेली आहेत. झाड कधी तोडलं ते माहीत नसल्यानं तो कुठला दुष्काळ ते सांगता येत नाही. ७२ चा नक्की नव्हे, तुळई त्याच्या कितीतरी आधीची. भेटायला येणारा प्रत्येक म्हातारा माणूस मात्र त्यावर बोट ठेवून “हा बहात्तरचा” असंच म्हणतो. आमच्याकडे दुष्काळाला आकडा असतो आणि तो आकडा ७२ असतो.

आता बागेबद्दल. फार मोठी नाही. मागच्या बाजूला लिंब, त्याच्या सावलीबाहेर शेवगा, पेरू, सीताफळ, कढीपत्ता, आणि कोपऱ्यात वडिलांनी लावलेला एक साग. नव्वदच्या दशकात सागाच्या लागवडीतून वीस वर्षांत लखपती होण्याच्या जाहिराती घरोघर पोचल्या होत्या. वडिलांनी पैसे गुंतवले नाहीत, फक्त रोप आणलं. ते झाड आता छान उंच झालंय, श्रावणात पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, आणि त्यातून फर्निचर काय निघेल असं लोक विचारतात. बाहेरचं पांढरं लाकूड भरपूर, आतला पिकलेला गाभा थोडा. शिवाय गावात झाड आपल्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही. हा कायदा मला आवडतो. माझ्यासारख्या माणसाच्या हातात करवत असताना तो असलेला बरा.

पावसाळ्यात मी लाकूड जोडत नाही. धार लावतो, हत्यारांना तेल देतो आणि बागेत असतो. दोडका, कारली, घेवडा यांचा मांडव मेच्या शेवटी तयार असावा लागतो. मांडवाचे उभे बांबू, आडव्या तुराट्या. तुरीच्या काडीइतकी फुकट आणि सरळ वस्तू आमच्याकडे दुसरी नाही. लातूर डाळीचं गाव, शिवारात तूर ढीगभर, आणि रास झाली की तुराट्या बांधावर पडून असतात. एक हंगाम टिकतात, मग चुलीत किंवा खतात. पक्का मांडव बांधायचा मोह मला दर वर्षी होतो आणि बायको दर वर्षी विचारते, “वेलाला सागाचं काय करायचंय?”

भुसा मात्र थेट वाफ्यात टाकत नाही. कच्चा भुसा कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. शेणात कालवून वर्षभर ठेवला की त्याचं खत होतं. प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा वेगळ्या पोत्यात जातो आणि बागेत येतच नाही, त्यात गोंदाची रसायनं असतात. आणि पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली उधई उठली की शेडमधल्या सगळ्या फळ्या जमिनीपासून वर आहेत ना ते बघायचं. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. पांढऱ्या लाकडाचं मात्र ती पीठ करते.

बागेत माझ्याशिवाय आणखी एक सुतार आहे आणि त्याचं काम माझ्याहून सफाईदार आहे. काळा, निळसर पंखांचा भुंगा. माघ-फाल्गुनात तो, खरं तर ती, कारण भोकं माद्याच पाडतात, कोरड्या बल्लीवर बसते आणि ड्रिलनं पाडावं तसं गोल भोक पाडत आत जाते. इंचभर आत गेली की काटकोनात वळून लाकडाच्या रेषेनं बोगदा काढते. खाली भुशाची छोटी रांगोळी पडते. लाकूड ती खात नाही, फक्त घर करते. आत एकामागे एक खोल्या, प्रत्येकीत पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं, आणि मधल्या भिंती त्याच भुशाच्या. मला खूप जणांनी सांगितलं की भोकात रॉकेल ओत. पण शेवग्याच्या फुलावर सकाळी हीच असते. तिचं वजन पडलं की फूल उघडतं आणि पराग तिच्या पाठीला लागतात. तुरीच्या पिवळ्या फुलांवरही हीच. तिला मारून शेंगा कुणाकडून मागायच्या? मी मध्यममार्ग काढला. शेवग्याचा एक वठलेला बुंधा तसाच उभा ठेवला. शेवग्याचं लाकूड सुतारकामाला कवडीमोलाचं, ठिसूळ आणि पाणचट, पण तिला फार पसंत पडलं. अंगणातल्या माझ्या बाकावर ती आता क्वचित येते. बाकाची खालची बाजू मात्र मी अधूनमधून बघतो.

सुतारकामाचा खरा हंगाम कार्तिक ते माघ. हवा ना फार ओली ना फार कोरडी, त्यामुळे तेव्हा जोडलेली वस्तू पुढे पावसाळ्यात थोडी फुगते, उन्हाळ्यात थोडी आकसते आणि मधल्या मापावर परत येते. मेमध्ये घट्ट बसवलेला टेबलाचा खण ऑगस्टमध्ये उघडत नाही. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस संपला की मी लाकूड शेडच्या आत आणून महिनाभर नुसतं ठेवतो. अलीकडे हत्ती लवकर संपत नाही हा वेगळा प्रश्न. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा आणि तेरणा पात्र सोडून शिवारात शिरल्या, सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि कितीतरी जागी वरची काळी मातीच वाहून गेली. त्या दिवाळीत कुणाच्या दाराची तक्रार ऐकायला मलाच लाज वाटत होती.

हिवाळ्यातली एक सुट्टी मात्र ठरलेली. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची नाहीतर तुराट्यांची कोप उभी करून आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा, मग आंबील, बाजरीचे उंडे, आणि तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी. सासुरवाडीच्या शिवारात कोप मी बांधतो, म्हणजे मामा सांगतात आणि मी पेंढ्या उचलतो. खिळा नाही, दोरीची दोन वेढणी आणि पेंढ्यांचा एकमेकांवर भार. माझी सगळी हत्यारं घरी असतात त्या दिवशी, आणि कोप माझ्या कुठल्याही वस्तूपेक्षा लवकर उभी राहते.

त्याच दिवसांत बागेच्या एका पट्ट्यात जवस फुललेला असतो. निळी फुलं, दुपारपर्यंत गळून जाणारी. पूर्वी आमच्याकडे रब्बीत करडई आणि जवस पुष्कळ असायचा. सोयाबीन आलं, मागून हरभरा पसरला आणि हे दोन्ही मागे पडले. माझ्या पट्ट्यातून चटणीपुरताच जवस निघतो, तेल लाकडी घाण्यावरून आणतो. लाकडाला जवसाचं तेल म्हणजे पोटभर जेवण. पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचं, पुसून घ्यायचं आणि पुन्हा. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, घाई असलेल्यानं याच्या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट मात्र जपायची. या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत. तेल हवेशी जुळताना उष्णता सोडतं, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. आमच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, भुशाशेजारी, म्हणजे विचारायलाच नको. चिंध्या दोरीवर सुट्या वाळवायच्या नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायच्या.

उन्हाळ्यात शेडमध्ये दुपारी बसणं अशक्य. फेविकॉल फळीवर पसरेपर्यंत वरून सुकायला लागतो. मी पहाटे तासभर काम करतो आणि बाकी वेळ पाण्याचा हिशेब. २०१६ चा उन्हाळा लातूरमध्ये कुणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक ती बघायला गेले होते. तशा दिवसांत बागेला पाणी घालणं म्हणजे चोरीच. भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला, आणि शेवग्याच्या बुडाशी पुरलेल्या मडक्यात दोन-चार तांबे, एवढंच. पेरू वाळून गेला. त्याचं खोड वर्षभर सावलीत ठेवून त्यातून पटाश्यांच्या मुठी केल्या. पेरूचं लाकूड दाट आणि चिवट, हातोडीचा मार सोसतं. आत्ता आहे तो पेरू नंतरचा. लिंबानं त्या वर्षीही चैत्रात पालवी धरली, फुलला, आणि जूनमध्ये लिंबोळ्यांचा सडा घातला. याची मुळं कुठवर गेली आहेत कुणास ठाऊक.

याच लिंबाची एक मोठी फांदी गेल्या उन्हाळ्यातल्या वळवानं मोडली. पडलेल्या फांदीला परवानगी लागत नाही. दोघांनी धरून ओंडके केले, गिरणीत नेऊन दीड इंची फळ्या चिरून आणल्या. दोन्ही टोकांना मेण लावलं, कारण टोकाकडून पाणी लवकर पळतं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक नेमक्या, वर दगडांचं वजन, आणि सगळी चळत उत्तरेच्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब. म्हणजे दीड वर्ष तरी हात लावायचा नाही.

बायकोला त्याचा झोपाळा हवाय, मला अंगणात दुसरं बाक. मागच्या आठवड्यात मामा आले तेव्हा तिनं मला न विचारता त्यांनाच विचारलं. मामांनी चळतीतल्या वरच्या फळीवरून नख फिरवलं, डोळा लावून तिची कड बघितली.

“लिंब मुरगळतंय, बाई,” ते म्हणाले. “रेषा उलट्यापालट्या हायत्या याच्या. रुंद पाटाला न्हाई चालायचं. बाक करा म्हणावं पाव्हण्यास्नी, पट्ट्या बारीक काढून. झोपाळ्याला सागच लागतंय.”

तर आता बाक ठरलंय, आणि झोपाळ्यासाठी दोन खणांची एखादी तुळई बघायला मला रविवारी वखारीत जायचंय. भाव विचारून ठेवलाय. पहिल्यांदा तो ऐकून मामाच खुर्चीवरून उठले होते.